दीड हात पदर

"आज जिलबी? काय विकलंत?"

मंजुळेनं मान वर केली नव्हती. पुड्याचा वास तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचला होता. कौलांत बसवलेल्या काचेतून दुपारची तिरीप उतरत होती आणि नेमकी तिच्या बोटांवर येऊन बसली होती. समोर ताणलेल्या हिरव्या रेशमावर पन्नासेक तिल्ल्या लोंबत होत्या. तिल्ली म्हणजे बोटभर काडी, तिच्यावर एकेका रंगाचं रेशीम गुंडाळलेलं; पदराच्या नक्षीत जितक्या जागी जितके रंग, तितक्या तिल्ल्या. मंजुळा त्यातली एक उचलायची, चार धाग्यांखालून काढायची, ठेवायची, दुसरी उचलायची. पाखरू दाणे टिपतं तशी.

"विकायला आहे काय आपल्याकडं?" मी म्हणालो. "शेठच्या कारखान्यावरून येत होतो. हलवाई कढईतून काढत होता, घेतली."

"गरम जिलबी तुम्ही आजवर दोनदा आणलीत. एकदा आपल्या वेणूचं लग्न ठरलं तेव्हा. अन् एकदा माझ्या दादाकडं उसने पैसे मागायचे होते तेव्हा." तिनं फणी ओढून धागा बसवला. "वेणूचं तर लग्न झालंय."

मी हसलो. अडचणीचं ते हसण्यावारी न्यायची माझी जुनी खोड. पुडा कोनाड्यात ठेवला आणि उगाच हात धुतले.

"इकडं या. चौथं घरटं झालं, बघा."

मी मागाच्या कडेला उकिडवा बसलो. आमच्या येवल्यात घरोघर माग, आणि मागामागावर पदराला तोच मोर, तोच राघू, तेच कमळ. मंजुळेनं बाभूळ विणायला घेतली होती. अंदरसूलला तिच्या माहेरच्या विहिरीवर वाकलेली बाभूळ, पिवळ्या गोंड्यांची, आणि तिच्या टोकाटोकाला लोंबणारी सुगरणीची घरटी. कागदावर तिनं काही काढलं नव्हतं. सगळं डोक्यात. घरट्याच्या गवतासाठी तिनं बदामी रेशमाला जरीचा एकच धागा पीळ घालून घेतला होता. त्यामुळे ते वाळल्या पात्यासारखं दिसायचं, आता चमकलं, आता विझलं.

"पाचवं अर्धंच विणणारे," ती म्हणाली. "नर बांधतो, मादी बघायला येते. नाही मनाला आलं की गेली उडून."

"मग तो काय करतो?"

"दुसरं बांधतो. कर्ज नसतं त्याला."

आणि स्वतःच्याच बोलण्याला हसून, फणीच्या ठेक्यावर ती गुणगुणायला लागली. तिची आई जात्यावर ओव्या म्हणायची. हिनं तो गळा मागावर आणला होता.

*बाभूळ पिवळी गं, तिला काट्यांचा पहारा*
*सुगरण बाई बांधी, वाऱ्यावरती निवारा*

ओवी संपायची वाट पाहिली. मग म्हणालो, "शेठकडं काम आलंय. दोन पैठण्या. सांगलीकडच्या एका घरी दोघी बहिणींची एकाच मांडवात लग्नं आहेत. लाल अंग, दोन्ही एकसारख्या, आणि एकाच मागावरच्या हव्यात म्हणे."

"मग विणा की. कारखान्यात शेठचे बारा माग आहेत."

"सगळे भरलेत. लगीनसराई आहे. शेठ म्हणतात, तुम्हा दोघांचा हात हवा. मजुरी रोजच्या दीडपट." मी आणखी जवळ सरकलो. "त्यात घराचं सगळं फिटतं, मंजुळे. एक पै उरत नाही. या मार्चातच."

तिची तिल्ली धाग्यांखाली होती. तिथंच राहिली.

"आणि हे?" तिनं पदराकडं बोट केलं नाही. नुसती हनुवटी हलवली.

"हे... पुढच्या वर्षी."

*

इथं एक सांगायला हवं, म्हणजे तिच्या त्या हनुवटीचा अर्थ कळेल. एका मागावर एकच ताणा, म्हणजे ताणलेले उभे धागे, बसतो. हिरवा ताणा चढला असेल तर लाल पैठणी त्यावर होत नाही. लाल चढवायचा तर हिरवा कापायचा. अर्धी पैठणी काढून ठेवली, मग सवडीनं पुन्हा लावली, असं होत नाही. निदान आमच्यासारख्या एक माग, एक फणीवाल्यांकडं तरी नाही. कापलेला पदर म्हणजे चिंधी. रेशमाची, पण चिंधी.

आणि माझंही सांगायला हवं. माझ्या बापानं जन्मात सात घरं बदलली, सगळी भाड्याची. आमचा माग खड्ड्यातला. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. भाड्याच्या घरात मालक आधी खणू देत नाही, दिलं तर जाताना बुजवून मागतो. बापानं सात खड्डे खणले आणि सात बुजवले. शेवटचा बुजवताना मी तेरा वर्षांचा होतो, पाटीनं माती टाकत होतो, आणि बाप खड्ड्यात उभा राहून ती पायानं दाबत होता. गुडघ्यापर्यंत माती आली तरी बाहेर येईना. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. एक खड्डा असा खणायचा, जो बुजव म्हणायला कुणी येणार नाही.

पतसंस्थेचं कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. कर्ज पंधरा वर्षांचं होतं. मी ठरवलं, सहात फेडायचं. हप्ता तर दरमहा जायचाच. वर जे हातात येईल तेही मी मुद्दलात नेऊन टाकायचा. लेकीच्या, वेणूच्या लग्नातला आहेर, दिवाळीची भेट, भंगार विकून आलेले दोनशे. पतसंस्थेतला कारकून म्हणायचा, "त्र्यंबकभाऊ, तुमच्यासारखी दहा गिऱ्हाइकं आली तर आमच्या पोराबाळांनी खायचं काय?" मला ते शाबासकीसारखं वाटायचं.

मंजुळेनं यातल्या कशाला ना म्हटलं नाही. पाच वर्षं तिनं माझ्या बरोबरीनं शेठचे मोर विणले. तिनं एकच मागितलं होतं. सहाव्या वर्षी एक ताणा तिचा. त्या वर्षी मी शेठच्या कारखान्यात रोजावर विणायला जाईन, हप्ता त्यातून जाईल, आणि घरचा माग तिचा. राज्याची हातमागाची स्पर्धा असते, तिला पाठवायची. मार्चअखेर पोचवायची. श्रावणात आम्ही दोघांनी मिळून तो हिरवा ताणा चढवला होता, आणि आता कार्तिक संपत आला होता. रोज जेमतेम अर्धं बोट. पदर दीड हात झाला होता.

*

बुधवारी सकाळी गोविंदशेठ स्वतः आला. स्कूटरच्या पुढ्यात कापडात गुंडाळलेला लाल ताणा होता. शेठ माणूस वाईट नव्हता. पायातलं बाहेर काढून, पाय झटकून आत आला, मागाजवळ जाऊन पदरावर वाकला.

"वहिनी," तो म्हणाला, "हात आहे की काय आहे! हे गवत कसं काढलंत?"

"काढलं झालं."

"पण खरं सांगू? लग्नात हे नेसणार कोण? गिऱ्हाईक मोर मागतं."

"गिऱ्हाइकासाठी नाहीच ही, शेठ. स्पर्धेला जाणारे."

"बक्षीस लागलं तर किती?"

"लागो न लागो. तिथं पैठणीखाली विणणाऱ्याचं नाव लिहून ठेवतात. वीस वर्षं तुमच्याकडं विणतेय, एका तरी लुगड्याखाली माझं नाव आहे?"

शेठ हसला. "नावानं धंदा होत नाही, वहिनी."

"होतो की. तुमच्या पाटीवर केवढं मोठं आहे."

आता शेठ मोकळा हसला, मांडीवर थाप मारून. मीही हसलो. मंजुळेनं चहा आणला, त्याच्यासमोर ठेवला, आणि पदराला हात पुसत सहज विचारावं तसं विचारलं, "शेठ, यांना उचल दिलीत का?"

शेठनं माझ्याकडं पाहिलं.

"अगं, चहा निवतोय त्यांचा," मी म्हणालो.

शेठनं तो चहा पाण्यासारखा एका घोटात संपवला. जीभ पोळली असणार. उठताना म्हणाला, "तुम्ही दोघं बोला. ताणा राहू दे इथंच. पण त्र्यंबकराव, सोमवारपर्यंत मागावर चढला पाहिजे, नाहीतर मुहूर्ताला लुगडी निघायची नाहीत." आणि माझी नजर टाळून गेला.

लाल ताणा कोनाड्यात राहिला. मंजुळा त्याच्याकडं पाठ करून पुन्हा खड्ड्यात उतरली.

"कर्ज कुठं पळून जातंय का?" तिनं विचारलं. "हप्ता जातोय की दर महिन्याला. चार वर्षांत आपोआप फिटेल."

"चार वर्षांचं व्याज कोण भरेल?"

"आपणच. व्याज भरल्यानं कुणी मेलंय?"

"कारखान्यात मला ताप आला, हात मोडला, चार महिने पडून राहिलो, तर? हप्ता थकला की घर जातं, मंजुळे. तू बघितलं नाहीस. मी बघितलंय."

"तुमच्या बापाचं घर कर्जानं गेलं नव्हतं. ते भाड्याचं होतं."

"एकच ते."

"एक नाही." तिनं तिल्ली ठेवली. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "अहो, माझा नंबर दर वर्षी वाढतोय. बारीक धागा आता उन्हात तेवढा दिसतो. पुढच्या वर्षी पुढच्या वर्षी म्हणता, ते वर्ष आलं तेव्हा मला धागा दिसला नाही म्हणजे?"

मी म्हणालो, "बघू." आमच्या घरात पुरुष हरला की 'बघू' म्हणतो.

*

गुरुवारी मी हमीदाबीकडं गेलो. पलीकडच्या गल्लीत तिचे तीन माग. नवरा गेल्यावर ती ते भाड्यानं द्यायची. साठीची बाई, तोंडात कायम सुपारी, बोलणं धारेचं. म्हटलं, एक माग मिळतो का, शेठच्या लाल पैठण्या तिकडं विणू, मंजुळेचं मंजुळेजवळ राहील.

"फाल्गुनापर्यंत एक बी खाली नाय," ती म्हणाली. "का रे? घरचा माग कुठं गेला?"

मी सांगितलं. सगळं नाही. जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं.

तिनं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "त्र्यंबक, बाईचा ताणा अन् बाईचं बाळंतपण, मधी थांबवायचं नसतं. शेठला नाय म्हण. त्याला दुसरी माणसं भेटतील."

"नाही म्हणता येत नाही, बी."

"का नाय येत?"

ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं नजर काढून घेतली. उघड्या जखमेवरून काढून घ्यावी तशी. "जा घरला," ती म्हणाली. "माझ्याशी काय बोलतोस? जिच्याशी बोलायचं तिच्याशी बोल."

त्या दिवशी मी घरी जाऊन बोललो नाही. मंजुळेनं भाकरी थापली, मी खाल्ली. तिनं मध्येच विचारलं, "काही सांगायचंय का?" मी म्हणालो, "नाही. मिरची जास्त झालीय." ती म्हणाली, "मिरची रोजचीच आहे."

*

शुक्रवारी दुपारी मी कारखान्यातून जेवायच्या सुट्टीत घरी आलो. दार लोटलेलं होतं. मंजुळा दळणाला गेली असावी, डबा जागेवर नव्हता. माग एकटा होता. तिरीप अजून पदरावर यायची होती.

मी कात्री घेतली. ती खिडकीतच असायची. खड्ड्यात उतरलो, तिच्या जागी बसलो. तिची जागा माझ्यापेक्षा उंच होती. बसायला तिनं एक जुनी गोधडी घडी करून घेतली होती, पदराजवळ डोळे यावेत म्हणून. इतक्या जवळून मी तो पदर कधी पाहिला नव्हता. चार घरटी, पाचव्याचं नुसतं तोंड सुरू झालेलं. एका घरट्याच्या आत, अगदी आत, करड्या रेशमाचा एक ठिपका होता. पाखराची पाठ. कुणालाही न सांगता तिनं आत पाखरू बसवलं होतं. दोन हातांवरून ते दिसलं नसतं. स्पर्धेतल्या माणसालाही दिसलं नसतं.

मी कात्री उघडली. धाग्यांना लावली. पाच वर्षं गाळलेल्या घामापोटी, बापाच्या मातीपोटी, मला ती एकदाच दाबायची होती. दाबता आलं नाही. तसाच बसून राहिलो, कात्री उघडी धरून. किती वेळ ते माहीत नाही.

"कापताय?"

ती दारात होती. डोक्यावर पिठाचा डबा.

"नाही गं. बघत होतो."

"कात्रीनं?"

तिनं डबा उतरवला. घाई नव्हती. पीठ लागलेले हात झटकले, देवाच्या फळीपाशी गेली, तसबिरीमागं हात घातला आणि एक घडी केलेला कागद आणून मागाच्या लाकडावर ठेवला. त्याला धुतल्याच्या सुरकुत्या होत्या, शाई पसरली होती, पण शिक्का वाचता येत होता.

पतसंस्थेची पावती. जादा भरणा, मुद्दलात जमा. चाळीस हजार. तारीख सोमवारची.

शेठनं सोमवारी सकाळी मला उचल दिली होती. नोटा मोजून खिशात घातल्या तेव्हा मी स्वतःशी म्हटलं होतं, आधी मंजुळेला विचारू. पतसंस्था वाटेतच होती. पायांना सवय होती. कारकून म्हणाला, "या त्र्यंबकभाऊ, आज केवढे?" आणि मी केवढे ते सांगितलं. पतसंस्थेत गेलेला पैसा मातीत गेलेल्या पाण्यासारखा, ओंजळीत परत येत नाही. शेठला परत द्यायला माझ्याकडं चाळीस रुपयेही नव्हते. त्या सहीबरोबर तिचा ताणा सोमवारीच कापला गेला होता. त्यानंतर मी जे काही विचारलं ते सगळं विचारल्यासारखं होतं, विचारलेलं नव्हतं.

"मंगळवारी सकाळी शर्ट धुतला," ती म्हणाली. "खिशात होती. दोरीवर वाळत घातली, तुमच्या शर्टाशेजारी. मग तुम्ही जिलबी घेऊन आलात."

मी खड्ड्यात होतो. ती वर उभी होती. माझी नजर तिच्या पावलांवर होती, टाचांच्या भेगांत पीठ बसलं होतं.

"म्हटलं, सांगतील. जिलबी संपायच्या आत सांगतील. शेठ आला तेव्हा वाटलं, आता सांगतील. काल जेवताना तर मी विचारलंच." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "अहो, तुम्ही सोमवारी येऊन म्हणाला असतात ना, मंजुळे, चूक झाली, पैसे भरून बसलो, आता काय करू, तर मीच कापून दिला असता. हसत नाही, पण दिला असता. घर माझं नाही का?"

"मंजुळे..."

"उठा तिथून. ती माझी जागा आहे."

मी उठलो. तिनं हात पुढं केला. मला वाटलं, मला वर घ्यायला. तिनं कात्री घेतली.

खाली उतरली, गोधडीवर बसली, चष्मा सारखा केला. आणि धाग्याच्या सरळ रेषेत, कुठं वाकडं न जाता, या काठापासून त्या काठापर्यंत कापत गेली. रेशीम कापताना फार बारीक आवाज होतो, पावसाळी किडा बोलतो तसा. ताण गेला तशा सगळ्या तिल्ल्या एकदम मान टाकून पडल्या. तिनं त्या एकेक करून वेचल्या, दोरा तोडून फडक्यात ठेवल्या. दीड हात पदर गुंडाळीवरून उलगडला, चौपदरी घडी केली आणि माझ्या हातावर ठेवला.

"हाही नेऊन भरा," ती म्हणाली. "मुद्दलात."

*

नवा ताणा चढवायची आमची रीत अशी, की जुन्या ताण्याची टोकं फणीतच ठेवायची आणि नव्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका धाग्याला बोटांनी पिळून जोडायचा. हजारो धागे. दोन माणसं लागतात, दोन दिवस जातात. शनिवार-रविवार आम्ही समोरासमोर बसलो, तिच्या हिरव्याला शेठचा लाल जोडत. ती धागा पुढं करायची, मी पीळ द्यायचा. श्रावणानंतर एवढ्या जवळ आम्ही बसलो नव्हतो. मी तीनदा बोलायला तोंड उघडलं. तिसऱ्यांदा ती गुणगुणायला लागली, माझ्यासाठी नाही, बोटांना ठेका हवा म्हणून.

*रेशमाची पडे गाठ, नखानं मी सोडवली*
*मनाची गं पडे गाठ, तिथं बोटं ना पोचली*

दोन्ही लाल पैठण्या वेळेत उतरल्या. तिनं त्यांत कसर ठेवली नाही. शेठ म्हणाला, असे मोर वीस वर्षांत पाहिले नाहीत. मार्चात मी राहिलेलं सगळं एकदम भरलं. कारकून उठून उभा राहिला, हात मिळवला, आतून साहेबांनी चहा मागवला. घराच्या कागदावरचा बोजा उतरला, तसा शिक्का पडला. मी पेढे घेतले. रस्त्यानं चालताना वाटत होतं, लोकांनी मला थांबवून विचारावं. कुणी विचारलं नाही.

"झालं?" मंजुळेनं विचारलं.

"झालं."

"बरं झालं." तिनं कागद दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला, देवापुढं ठेवला. पेढा माझ्या तोंडात घातला, अर्धा स्वतः खाल्ला. ते खोटं नव्हतं. तिलाही घर हवंच होतं, माझ्याइतकंच. म्हणूनच मला वाटलं, मिटलं. मी म्हणालो, "आता उद्याच बाजारातून हिरवं रेशीम आणतो. माग रिकामा आहे. तुझा ताणा चढवू."

"बघू," ती म्हणाली.

सोमवारी जेवणं उरकून तिनं तिल्ल्यांचं फडकं घेतलं, घडी केलेली गोधडी काखेत मारली आणि चप्पल पायात घातली.

"कुठं निघालीस?"

"हमीदाबीकडं. तिचा एक माग सुटलाय. भाडं ठरवलंय महिन्याचं. अधूनमधून मी बायकांची फॉल-पिकोची कामं करते ना, त्यातून जाईल."

"अगं, भाड्यानं? घरात स्वतःचा माग असताना?"

"घर झालं आपलं," ती उंबऱ्यातून म्हणाली. "त्याबद्दल मी काही म्हणत नाही. संध्याकाळी भात लावून ठेवा, मला उशीर होईल."

याला आज चौदा वर्षं झाली. ती पैठणी पुरी व्हायला तिला पावणेदोन वर्षं लागली. ती स्पर्धेला गेली. बक्षीस आलं नाही. नाव लागलं, एका पांढऱ्या चिठ्ठीवर, टंकलेलं. मुंबईला जाऊन तिनं ते पाहिलं आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी माझ्या बरोबरीनं शेठच्या मोरावर बसली. आम्ही भांडलो नाही. वेणूच्या पोराचं बारसं केलं, पत्रे बदलले, आजारपणं काढली. घरच्या मागावर ती सगळं विणते, फक्त स्वतःचं विणत नाही. त्यासाठी अजून पलीकडच्या गल्लीत जाते. भाडं तीनदा वाढलंय.

पण मला आठवतो तो पहिला पंधरवडा. अकरा दिवस मी स्वतःला धरून ठेवलं होतं. बाराव्या दिवशी दुपारी कारखान्यातून निघालो आणि पाय आपणहोऊन हमीदाबीच्या गल्लीकडं वळले. बी ओट्यावर सुपारी कातरत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि अडकित्त्यानंच आतली वाट दाखवली.

लांबट, काळोखी खोली होती. तीन माग ओळीनं, दोघांवर अनोळखी माणसं वाकलेली. शेवटच्या मागावर, खिडकीशी, मंजुळा होती. तिचा ताणा या खेपेला हिरवा नव्हता, कसला होता ते दारातून कळत नव्हतं. ती गात होती. शब्द ऐकू येत नव्हते. फणीचा ठेका तेवढा येत होता, आणि त्यात मधूनमधून तिचं हसणं, शेजारच्या मागावरचा म्हातारा काहीतरी म्हणत होता त्याला. घरात मी ते हसणं कार्तिकापासून ऐकलं नव्हतं.

मी जवळ गेलो. माझी सावली तिच्या धाग्यांवर पडली असावी.

"कोण?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मी."

बोटं थांबली नाहीत. एक तिल्ली गेली, दुसरी आली. मग ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, दारी आलेल्या कुठल्याही माणसाला म्हणावं तसं:

"या. बसा तिथं कडेला. फक्त हात लावू नका कशाला."

मी दोन्ही हात पाठीशी बांधले आणि उभा राहिलो.